करंगळीत अडकलेलं खानदान

त्या रविवारी सकाळी शाहूपुरीतल्या दरबार टेलर्समध्ये सगळी मशीनं बंद होती आणि मालक निसार मास्तर स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. शिंप्यानं स्वतःच्या शर्टावर इस्त्री फिरवण्याचा योग वर्षातून दोनदा येतो, दोन्ही ईदींना. त्या दिवशी ईद नव्हती. त्यामुळं काहीतरी जंगी घडणार, हे समोरच्या रसवंतीवाल्यालासुद्धा न सांगता कळलं आणि त्यानं चरक थांबवून इकडं तोंड करून खुर्ची मांडली.

काउंटरवर मखमलीची एक पेटी उघडून ठेवली होती. तीत चांदीच्या तीन वस्तू. एक लांबट सुईदाणी, एक चांदीच्या मुठीची बोटभर कात्री, आणि एक अंगुस्तान. अंगुस्तान म्हणजे सुई ढकलताना बोटाला टोचू नये म्हणून घालायची टोपी. मास्तरांच्या स्वतःच्या बोटात चाळीस वर्षं जे होतं ते पितळेचं, आणि शिंप्यांचं असतं तसं वरून उघडं. हे चांदीचं मात्र घुमटासारखं बंद होतं. दरबारातली वस्तू म्हटल्यावर तिला घुमट असणारच, असं मास्तर सांगत.

मास्तर सांगत नसत असं काहीच नव्हतं. त्यांचे पणजोबा अझीम मास्तर संस्थानच्या काळातले नामांकित शिंपी. एकदा एका गोऱ्या साहेबाची विजार ऐन संचलनाच्या वेळी घोड्यावर चढताना फाटली. अझीम मास्तरांनी ती साहेबाला खाली न उतरवता, घोड्यावर बसल्या बसल्या शिवली. खूश होऊन विलायतच्या राणीनं ही चांदीची शिवणपेटी जहाजानं पाठवली.

"पंध्रा वर्सांपूर्वी घोडा हुबा हुता," विजयसिंह म्हणाले. हे मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक. पुतण्याच्या लग्नासाठी कोट शिवायला टाकलेला, त्याच्या मापासाठी आले होते. अंगावर कच्च्या टाक्यांचा कोट, त्याला एकच बाही, दुसऱ्या खांद्यावर नुसत्या टाचण्या. "मग मधी कवातरी चालाय लागला. गेल्या दिवाळीला दौडत हुता."

"घोडं हाय वो विजयसिंह, हुबं किती वर्सं ऱ्हाईल?" मास्तर म्हणाले.

कात्रीचीही एक गोष्ट होती. पणजोबा गेल्यापासून ती कापत नव्हती. कोल्हापुरातल्या सगळ्या धारवाल्यांनी तिला धार लावून पाहिली. कागद दुमडायची, दोरा चावायची, पण कापायचं नाव नाही. ती रुसली होती. ज्या हाताला तिनं ओळखलं तो हात गेला, असं मास्तर डोळे पुसत सांगत आणि गिऱ्हाईक त्या भरात विजारीबरोबर जाकीटही शिवायला टाकत.

आज या पेटीची परीक्षा होती. स्नेहल मॅडम माहेरच्या जयसिंगपूरच्या, पुण्यात जुन्या चांदीच्या वस्तू पारखायचं काम करत. भिंगातून ठसे बघून कुणी घडवलं, कधी घडवलं, हे त्या सांगत. सुट्टीला आल्या होत्या, अकराला येते म्हणाल्या होत्या. त्या साल सांगणार, ते लगेच पाटीवर चढणार. त्यासाठी गुंडू पेंटर दाराबाहेर शिडीवर ब्रश घेऊन नऊपासून बसला होता आणि त्याचा तिसरा चहा चालला होता. पाटी अशी होती: 'दरबार टेलर्स अँड सन्स. विलायतच्या राणीकडून गौरव. सन'. आणि पुढं मोकळी जागा.

"मास्तर, तुमास्नी पोरगा एकच की," गुंडू वरून म्हणाला. "सन्स कशाला?"

"एकात दोन हाईत," मास्तर म्हणाले.

ते मात्र खोटं नव्हतं. अरीब चोवीस वर्षांचा, एकशे पाच किलो, तालमीतला गडी. त्याची बोटं म्हणजे नदीकाठची जाड वांगी. त्यानं आयुष्यात एकदाच बटण लावलं होतं आणि ते लावता लावता गिऱ्हाइकाचा शर्ट स्वतःच्या शर्टाला शिवला होता. पण आज दुकान त्याच्या नावावर व्हायचं होतं. तसा दस्तूरच होता. बापानं सगळ्यांसमोर चांदीचं अंगुस्तान पोराच्या बोटात चढवायचं. 'अंगुस्तान ज्याच्या बोटात, दुकान त्याचं' हे वाक्य मास्तरांचं त्या आठवड्यात मशिदीत, मंडईत आणि दाढी करताना, तिन्हीकडं म्हणून झालं होतं.

राहिली मुस्कान. अरीबची धाकटी बहीण. दुकानाच्या मागच्या भागात एक पडदा होता आणि त्या पडद्यामागं मुस्कान बसायची. बेतणं, शिवणं, काज, अस्तर, सगळं. 'मास्तरांच्या हाताची सफाई' म्हणून शाहूपुरीत जी नावाजलेली होती, ती गेली पाच वर्षं मुस्कानच्या हाताची होती. फक्त तो हात डावा होता. म्हणून तर पडदा.

"डाव्या हातानं शिवल्याला कोट घातला तर गिऱ्हाईक उलटं चालतंय," मास्तर म्हणायचे.

"आजवर एक तरी उलटं चाललंय का अब्बा?" ती विचारायची.

"पडदा हाय म्हणून!"

मुस्कानला पुढचं टेबल हवं होतं. खिडकीजवळचं, मोठ्या कात्रीचं. तिनं कालच शेवटचं विचारून पाहिलं होतं. मास्तरांनी पणजोबांच्या फोटोकडं बोट केलं होतं आणि ती पडद्यामागं गेली होती.

साडेदहाला मास्तरांना राहवेना.

"मॅडम येस्तवर एकदा घालून बघू. ऐनवेळी मोबाइलमधी फोटो नीट याय पायजे. अरीब, हिकडं ये. मधलं बोट."

मधल्या बोटावर अंगुस्तान नखाच्या अर्ध्यावर जाऊन थांबलं. शेजारच्या बोटाचं तेच.

"अब्बा, ऱ्हाऊ दे की," अरीब म्हणाला. "तुमच्या बोटात कुटं गेलतं?"

"माझ्या बाबांनी नुस्तं टेकवलं हुतं. तवा आमी लाजत हुतो. करंगळी आण."

"न्हाय जाणार ते."

"खानदानाचं हाय. जातंय."

मास्तरांनी एका हातानं अरीबचं मनगट धरलं, दुसऱ्यानं अंगुस्तान, आणि बाटलीला बूच मारावं तसं फिरवून दाबलं. बारीकसा 'कट्' झाला. बसलं! विजयसिंहांनी टाळ्या वाजवल्या, तशा त्यांच्या खांद्याच्या दोन टाचण्या उडाल्या. मास्तरांची बायको ताजबी पेढे घेऊन बाहेर आली. मास्तरांनी अरीबच्या खांद्यावर हात ठेवून सहा फोटो काढवले. पडद्यामागं मशीन सुरू झालं, ते जरा जास्तच जोरात.

"झालं. काढ आता," मास्तर म्हणाले.

अरीबनं ओढलं. मग जोरानं ओढलं.

"अब्बा, निघंना झालंय."

"नीट ओढ की मर्दा. दोन-दोन मण मातीतनं उचलतोस!"

"माणसं उचलतो अब्बा, अंगुस्तानं न्हाय." मग त्याला एकदम काहीतरी आठवलं आणि त्याचा चेहरा पडला. "अब्बा! चारला जयसिंगपूरला मैदान हाय माझं! अंगावर धातू चालत न्हाय. पंच ताईत सुदीक काढाय लावत्यात!"

"तुला दुकान मिळालंय, मैदान काय घेऊन बसलास?"

"मला कुटं पायजे दुकान? मी कवा मागितलं?"

हे वाक्य महत्त्वाचं होतं, पण तेवढ्यात मास्तर मशीनच्या तेलाची बाटली घेऊन आले आणि ते वाक्य तेलात गेलं. मशीनचं तेल झालं. ताजबीनं खोबरेल आणलं. मग साबण. अर्ध्या तासात दुकानात सगळं गुळगुळीत झालं, फक्त ते अंगुस्तान सोडून. फरशीवरनं मास्तर एकदा इस्त्रीच्या टेबलापर्यंत बसल्या बसल्या गेले.

"बाजूला व्हा. ताकदीचं काम हाय," विजयसिंह म्हणाले. त्यांनी एकुलती बाही वर सारली, टेबलाला पाय लावला आणि अरीबची करंगळी धरून झटका दिला.

आता, तालमीतल्या माणसाचा हात कुणी अचानक ओढला तर पुढचं काम त्याचं डोकं करत नाही, अंग करतं. अरीबचं अंग वळलं, खांदा खाली गेला, आणि विजयसिंह साठाव्या वर्षी हवेतून सुटिंगच्या गठ्ठ्यांवर जाऊन पडले. कच्चे टाके तडातडा तुटले. कोट मागं राहिला, विजयसिंह पुढं गेले.

"माफ करा काका! सवय हाय!"

"धोबीपछाड हुती न्हवं?" विजयसिंहांनी गठ्ठ्यांवरून विचारलं. "झकास बसली."

"मी बघतो," मुस्कान पडद्यातून डोकं काढून म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, 'मी बघतो, मी जातो'.

"तू आत बस!" मास्तर म्हणाले.

रसवंतीवाल्यानं बर्फ पाठवला. चांदीला थंडी लगेच लागते. अरीबचे दात वाजायला लागले आणि करंगळी जांभळी झाली. वांग्याशी जे थोडंफार साम्य राहिलं होतं तेही पूर्ण झालं. मग कुणीतरी पलीकडच्या बोळातल्या सोनाराला बोलावलं. तो करवत घेऊनच आला.

"दोन मिंटाचं काम हाय. कडेनं उभं कापतो."

मास्तर मधे आडवे झाले. "सव्वाशे वर्सांची चांदी कापतोस? हात तर लाव!"

"मग काय कापू मास्तर? बोट?"

मास्तर विचारात पडले. ते विचारात पडले हे ताजबीनं पाहिलं.

"ओ अरीबचे अब्बा! माझ्या पोराचं बोट?"

"तसं न्हवं गं. पण बोटं नऊ उरत्यात. अंगुस्तान एकच हाय."

ताजबीनं पेढ्यांचं ताट खाली ठेवलं. तीस वर्षांच्या संसारात ताजबी हातातलं ताट खाली ठेवते तेव्हा काय होतं हे मास्तरांना माहीत होतं, त्यामुळं ते दोन पावलं मागं सरले. नेमक्या त्याच वेळी दारात स्नेहल मॅडम उभ्या राहिल्या.

"आले का मी वेळेवर?"

"या या या!" मास्तरांचा आवाज एकदम दरबारी झाला. "सोनार, नीघ तू. मॅडम, बसा. पाय जपून टाका, फरशी धुतलीया."

मॅडमनी भिंग काढलं. आधी सुईदाणी पाहिली, मान हलवली. कात्री उचलली, तिच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं आणि बाजूला ठेवली. "आणि अंगुस्तान?"

अरीबनं हात पुढं केला.

"काढून द्या ना."

शिडीवर गुंडू खोकला.

"आमच्यात असंच दावत्यात," मास्तर म्हणाले.

स्नेहल मॅडमनी एकदा त्या बोटाकडं, एकदा तेलकट फरशीकडं, एकदा गठ्ठ्यांवरच्या विजयसिंहांकडं पाहिलं. चांगल्या घरची बाई, हसली नाही. अरीबला खिडकीशी बसवून त्यांनी करंगळीवर भिंग धरलं आणि त्याला म्हणाल्या, "हळूहळू फिरवा." अरीब हात फिरवेना, त्याचं बोट दुखत होतं. म्हणून एकशे पाच किलोचा अरीबच स्टुलावर बसल्या बसल्या गरागरा फिरू लागला.

"कडेला ठसे आहेत. थांबा. हा सिंह."

"सिंह!" मास्तरांनी टेबलावर हात मारला. "राणीचा!"

"राणीचा नाही हो. अस्सल चांदी आहे, एवढंच सांगतो तो. सगळ्या विलायती चांदीवर असतो. फिरा. हा नांगर."

"आमी शेतकरी न्हाय मॅडम."

"जहाजाचा नांगर. हा बर्मिंगहॅम गावाचा ठसा. तिथं तपासलं गेलं."

"बघा विजयसिंह! जहाजावर सुदीक शिवलंय पणजोबांनी!"

"घोडं बोटीवर चडलं जणू," विजयसिंह म्हणाले.

"आणि हे एक अक्षर. दर वर्षाला अक्षर वेगळं, त्यावरून साल कळतं. हे एकोणीसशे तीन. शेजारची अक्षरं घडवणाऱ्याची. छोटा कारखाना होता, शिवणाच्या नाजूक वस्तू करायचा."

"गुंडू! एकोणीसशे तीन टाक!"

गुंडूनं ब्रश बुडवला. "टाकतो. राणीचं नाव बी घालू का?"

"एकोणीसशे तीनमध्ये गादीवर राजा होता," मॅडम म्हणाल्या. "राणी दोन वर्षांपूर्वीच गेली होती."

शिडीवर गुंडूचा ब्रश थांबला. "मास्तर, राणी पुसू?"

"थांब की! राणीनं जाता जाता सांगून ठेवलं आसंल." मास्तरांनी घाम पुसला. "मॅडम, आणि काय लिवलंय? पणजोबांचं नाव बिव?"

"नाव नाही. पण कडेला एक आकडा आहे. अर्धा मांसाखाली गेलाय. मापाचा असावा. बोटातनं काढल्याशिवाय वाचता येणार नाही."

"म्हणजे आता कापायचंच," अरीब रडकुंडीला आला. "दीडची गाडी हाय अब्बा! वस्ताद माझी वाट बघत्यात!"

"मी काढतो म्हनून कवापासनं सांगायलोय," पडदा बाजूला करून मुस्कान बाहेर आली. यावेळी तिनं कुणाला विचारलं नाही. मास्तरांनी पडद्याकडं बोट उचललं, पण ताजबी अजून ताटाशेजारी उभी होती, म्हणून ते खाली आलं.

मुस्कानच्या हातात बटणं लावायचा मेणाचा दोरा होता. "वरनं बंद हाय न्हवं हे? आत हवा कोंडलीया, म्हणून वडलं की आणखी घट्ट बसतंय. आपल्या पितळीला वरनं भोक असतं, ते कवाच निघालं असतं. भाई, हात वर धर. वरडू नकोस."

तिनं बोथट सुईनं दोऱ्याचं टोक अंगुस्तानच्या कडेखालून हळूच आत सारलं. मग खालच्या पेरापासून वरपर्यंत दोरा असा घट्ट गुंडाळला की सुजलेली करंगळी बॉबिनसारखी दिसू लागली. मग आतलं टोक थोडं ओढून वाट केली. हवा शिरली. फुस्स झालं.

"आता हिसका दे."

टप्! अंगुस्तान सुटलं, पंख्याला लागलं, आणि विजयसिंहांसाठी आणलेल्या चहाच्या कपात पडलं. विजयसिंहांनी कपात डोकावून पाहिलं. "एकोणीसशे तीनचा चहा," ते म्हणाले.

पण अरीब ओरडत होता. टोपी निघाली खरी, दोरा मात्र मांसात रुतला होता. मेणाची गाठ सुटेना. करंगळी जांभळ्यातून काळ्याकडं निघाली.

"काप! काप लवकर!"

मोठी कात्री दोरा आणि कातडी यांच्यामधे जाईना. ब्लेडला अरीब हात लावू देईना. मुस्काननं काउंटरवर पाहिलं आणि मखमलीतली ती बोटभर कात्री उचलली.

"ती न्हाय कापत!" मास्तर ओरडले. "रुसलीया ती! पणजोबांच्या—"

कचक्.

दोरा तुटून खाली पडला. कचक्, कचक्, कचक्. चार पिढ्यांत ज्या कात्रीनं साधा कागद कापला नव्हता ती मेणाचा दोरा लोण्यासारखा कापत सुटली. मुस्कानच्या डाव्या हातात.

रसवंतीवाल्याचा चरकसुद्धा थांबला होता, तो तर सकाळपासूनच थांबला होता म्हणा. स्नेहल मॅडम उठल्या. त्यांनी कात्री घेतली, उजव्या हातात धरून दोऱ्यावर चालवली. दोरा दुमडला. डाव्या हातात घेतली. कापला.

"मघाशी मला शंका आलीच होती," त्या म्हणाल्या. "हिची पाती उलट बाजूनं जोडलीत. डावखुऱ्या माणसासाठी मुद्दाम सांगून घडवलेली कात्री आहे ही. रुसली नव्हती मास्तर. तुम्ही सगळे तिला चुकीच्या हातानं धरत होता."

मग त्यांनी चहात हात घालून अंगुस्तान काढलं, पुसलं, भिंग लावलं. "आणि हा मापाचा आकडा. अगदी बारीक बायकी बोटाचं माप. मुळात हे बंद अंगुस्तान बायका वापरायच्या, नाजूक कामाला. पुरुष शिंपी असलं वापरत नाहीत. तुमच्या पणजोबांचं बोट केवढं होतं?"

सगळ्यांनी भिंतीकडं पाहिलं. फोटोत अझीम मास्तर खुर्चीवर बसले होते, गळ्यात टेप, गुडघ्यावर मूठ. मूठ सोललेल्या नारळाएवढी होती. अरीबची बोटं कुणावर गेली हा प्रश्न त्या क्षणी कायमचा सुटला.

"आक्षी भाईच्या हातासारका हाय की," मुस्कान म्हणाली.

तेव्हा ताजबी घसा साफ करून बोलली. "सासूबाईंनी सांगितलं हुतं मला. पणजोबा माप घ्यायचे, पान खायचे अन् बोलत बसायचे. शिवायच्या त्या आयेशा पणजी. पडद्यामागं. डाव्या हातानं."

"काय म्हंतीस!" मास्तर खुर्चीत बसले. खुर्ची तेलकट होती, पण आता त्यांना त्याचं काही नव्हतं. "आणि घोडा?"

"घोडा खरा हुता. साहेबाची मडम बसून आलती तेच्यावरनं. तिचाच झगा फाटला हुता. ती काय बाप्याकडनं अंगावरचा झगा शिवून घेणार? गेली पडद्यामागं. पणजींचा डावा हात बघितला, टाके बघितले, अन् विलायतेला कळवून ही पेटी मागवली. पणजींसाठी."

"तीस वर्सं झाली आपल्या लग्नाला! एकदा तरी बोलायचं न्हाय?"

"तुम्ही मधी श्वास घ्यायला थांबला असता तर बोलले असते."

विजयसिंह गठ्ठ्यांवरून खाली उतरले. एका बाहीचा कोट त्यांनी पुन्हा अंगावर चढवला, कारण पुढचं बोलणं कोटाशिवाय शोभणारं नव्हतं.

"मास्तर," ते म्हणाले, "अंगुस्तान ज्याच्या बोटात, दुकान त्याचं. तुमीच म्हंतायसा. दाढी करताना मी शेजारच्या खुर्चीत हुतो."

मास्तरांनी आशेनं अरीबकडं पाहिलं. "अरीबच्या करंगळीत बसलं हुतं की."

अरीबनं दोन्ही हात जोडले. त्यातली करंगळी एकटीच वेगळी उभी राहिली. "अब्बा, पाया पडतो, पण ते दुकान परत माझ्या बोटात घालू नका." आणि पिशवी काखोटीला मारून तो स्टँडच्या दिशेनं सुटला.

स्नेहल मॅडमनी अंगुस्तान मुस्कानपुढं धरलं. तिनं ते डाव्या हाताच्या मधल्या बोटात घातलं. ढकलावं लागलं नाही, फिरवावं लागलं नाही. जसं काही सव्वाशे वर्षं त्याच बोटाची वाट बघत होतं.

मास्तर बराच वेळ त्या बोटाकडं बघत राहिले. मग फोटोकडं. मग पडद्याकडं. एकदा त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं. दरबार टेलर्सच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं.

"मास्तर," वरून गुंडू म्हणाला. "रंग वाळायलाय. राणीचं ऱ्हाऊ दे, पण 'अँड सन्स'चं काय करू?"

मास्तरांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं.

"पूस," ते म्हणाले.

अरीबनं जयसिंगपूरचं मैदान मारलं. समोरचा गडी त्याच्या जांभळ्या करंगळीकडं बघत राहिला, तेवढ्यात पाठीवर पडला होता.

पंधरवड्यानं विजयसिंह कोट न्यायला आले. पाटीवर 'दरबार टेलर्स, सन १९०३' एवढंच होतं. खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर मुस्कान कापड बेतत होती, बोटात चांदी चमकत होती. आणि बाकावर एका नव्या गिऱ्हाइकाला शेजारी बसवून निसार मास्तर सांगत होते.

"पावणं, आमची पणजी आयेशाबी! मडम घोड्यावर, घोडा चौखूर उधळल्याला, झगा टराटरा फाटत निघाल्याला. पणजीनं काय केलं, मागं उडी मारून बसली. उजव्या हातात लगाम. मग शिवणार कशानं? डाव्या हातानं! तवापासनं आमच्या खानदानात सगळे डावरेच. मी बी मूळचा डावराच. लहानपणी मारून मारून उजवा केला मला."

विजयसिंहांनी कोट अंगात घातला आणि आरशासमोर उभे राहिले. मग आरशाच्या जवळ गेले. उजवी बाही मनगटापर्यंत होती. डावी कोपराच्या जरा खाली संपली होती.

"पोरी," ते हळूच म्हणाले. "ही बाही कुणी शिवली गं?"

मुस्काननं कात्री खाली ठेवली. "अब्बांनी. डाव्या हातानं. मी तीनदा उसवली काका, पर मी जेवाय गेलो की परत शिवत्यात." मग तिनं बाकाकडं बघून आवाज चढवला. "अब्बा! गिऱ्हाइकासमोर बसायचं न्हाय म्हनून सांगितलंय न्हवं? आत जावा बघू."

मास्तर उठले. पाव्हण्याला म्हणाले, "ऱ्हायलेलं घोड्याचं परत सांगतो." आणि निमूट पडद्यामागं गेले. थोडा वेळ मशीनचा अडखळता आवाज आला. मग तो थांबला, सुई टोचल्यागत 'स्स' ऐकू आलं आणि पडद्याच्या फटीतून एक डावा हात बाहेर आला, मधलं बोट तोंडात घालून चोखल्यासारखं ओलं.

"मुस्कान," मास्तर म्हणाले, "तुझं ते अंगुस्तान जरा देतीस का? नुस्तं टेकवून बघतो."